तुरुंगात नृत्यसत्रं घ्यायची आहेत? मग आधी हे वाचा

नृत्य येतं, शिकवायचा अनुभव आहे, मनात काहीतरी करावं असं आहे, आणि नाचामुळे कैद्यांच्या मनावरचे घाव भरतात असं कुठेतरी वाचलेलं आहे. एवढ्या शिदोरीवर कारागृहाच्या दारात जाऊन उभे राहणारे बरेच असतात. त्यातले पुष्कळजण पंधरा ऑगस्टचा एक कार्यक्रम बसवून, टाळ्या घेऊन परत येतात. तो कार्यक्रम वाईट असतो असं अजिबात नाही. पण त्याला उपचार म्हणू नये. ज्यांना त्याच्या पुढे जायचंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. कार्यपद्धती महाराष्ट्रातल्या कारागृहांना धरून सांगितली आहे.

तुरुंगात माणसाचं शरीर दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाने हलत असतं. उठायची वेळ, मोजणीला जोडीजोडीने बसणं, झडतीला हात वर करणं, जेवणाची रांग, बरॅक बंद व्हायची वेळ, सगळं ठरलेलं. आणि आपल्या नेहमीच्या नृत्यवर्गात दुसरं काय असतं? पाय असा, मान तशी, एक-दोन-तीन-चार. तोच वर्ग उचलून आत नेला तर आत हुकूम सोडणारं आणखी एक माणूस वाढतं, बाकी काही होत नाही. मारहाण, अत्याचार, हिंसा, अटक यांतून गेलेल्या माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा ताबा सुटलेला असतो. तो परत येतो लहानलहान निवडींतून. हात वर न्यायचा का, किती न्यायचा, केव्हा थांबायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पुढे जे जे सांगितलंय ते याच एका गोष्टीसाठी.

आधी स्वतःची तयारी

नृत्यशिक्षक आणि नृत्योपचारक हे दोन वेगळे पेशे आहेत. भरतनाट्यमचं अरंगेत्रम, म्हणजे पहिलं जाहीर सादरीकरण, झालं म्हणून मनावरच्या आघातावर काम करता येत नाही. डान्स मूव्हमेंट थेरपी ही स्वतंत्र शाखा आहे. मॅरियन चेस या नर्तकीने १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात रुग्णांसोबत काम सुरू केलं, तिथून तिचा पाया घातला गेला. १९६६ मध्ये अमेरिकेत या उपचारकांची संघटना उभी राहिली. आपल्याकडे त्रिपुरा कश्यप यांनी हे काम रुजवलं. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली 'कोलकाता संवेद' ही संस्था काढली आणि देहविक्रीच्या बाजारातून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्यातून काम केलं. याच संस्थेच्या सहकार्याने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला गेला. असा एखादा अभ्यासक्रम करता आला तर उत्तमच. ते लगेच शक्य नसेल तर निदान एक प्रशिक्षित उपचारक किंवा समुपदेशक जोडीदार म्हणून तुमच्यासोबत हवाच, आणि तुम्ही स्वतःला 'थेरपिस्ट' म्हणवून घेऊ नका. 'हालचालीचं सत्र' म्हणा. या साध्या शब्दांनी आतल्या लोकांवरचं दडपणही कमी होतं. 'उपचार' म्हटलं की मी वेडा आहे का, हा प्रश्न पहिल्या मिनिटाला येतो.

दाव्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. नैराश्यावर नृत्योपचाराचा किती उपयोग होतो, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. निकषांत बसणारे फक्त तीन अभ्यास सापडले, त्यांत मिळून १४७ माणसं, आणि निष्कर्ष ठामपणे काढता येत नाही असं त्यांनीच लिहिलं. ही स्थिती तुरुंगाबाहेरची. तेव्हा अर्जात 'आमच्या सत्रांमुळे गुन्हेगारी घटेल' वगैरे लिहू नका. झोप थोडी सुधारते का, अंग मोकळं वाटतं का, माणसं एकमेकांशी बोलू लागतात का, एवढंच बघू असं म्हणा. खरं तेच लिहिलेलं बरं, कारण अधीक्षक असल्या अर्जांचे गठ्ठे वाचून बसलेले असतात.

परवानगी : इथे घाई चालत नाही

अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे करायचा. बाहेरच्या संस्थेचा नियमित उपक्रम असेल तर तो कारागृह व सुधारसेवा विभागाच्या पुण्यातल्या मुख्यालयापर्यंत जातो, आणि तिथून मंजुरी यायला वेळ लागतो. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा आधीपासून आत काम करणाऱ्या संस्थेचा हात धरा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कैद्यांबरोबर काम करतोय. अशा संस्थांच्या समाजकार्यकर्त्यांना कोणता अधिकारी कुठल्या वेळी मोकळा असतो इथपासून कोणत्या बरॅकीत सध्या तणाव आहे इथपर्यंत सगळं ठाऊक असतं.

अर्जाला जोडायच्या गोष्टी : येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आणि फोटो, सत्रांचे वार आणि वेळ, एकूण किती आठवडे, एका सत्रात किती जण, आणि आत नेणार असलेल्या सामानाची बारीकसारीक यादी. या यादीवर डोकं लावा. घुंगरू, टिपऱ्या, लेझीम, ओढणी, दोरी, आरसा या आपल्या नेहमीच्या वस्तू सुरक्षेच्या नजरेतून अगदी वेगळ्या दिसतात. मोबाइल तर दाराशीच राहणार, म्हणजे त्यातली गाणीही दाराशीच. स्पीकर आणि मेमरी कार्डाची परवानगी मिळालीच तर छान. पण पहिल्या महिन्याचा आराखडा टाळी, पाय आणि गळा यांच्यावरच करा. कातड्याची साधी डफली सहसा अडत नाही, तरी यादीत ती लिहिलेली असू द्या. यादीत नसलेली वस्तू आत न्यायची नाही, मग तो केसांचा चाप का असेना.

आठवड्यातला एकच वार, एकच वेळ मागा. सकाळी बरॅकी उघडल्यावरचा काळ न्यायालयाच्या तारखा, मुलाखती म्हणजे नातेवाइकांच्या भेटी आणि दवाखाना यांत जातो. दुपारी बरॅकी पुन्हा बंद होतात. दुपारनंतर उघडल्यापासून संध्याकाळच्या मोजणीपर्यंतचा तुकडा सहसा बरा पडतो. दीड तास मंजूर झाला तर त्यातला तासभरच हातात आहे असं धरा, बाकीचा दारावरचं रजिस्टर, झडती आणि 'साहेब येऊ द्या' यात जातो.

गट कसा जमवायचा

बारा ते पंधरा जण पुरेत. अधीक्षकांना जास्त आवडेल साठ-सत्तर, कारण अहवालात आकडा चांगला दिसतो. नम्रपणे नाही म्हणा.

नावं कोण देतंय ते बघा. बरॅकीतून 'तू, तू आणि तू' अशी उचलून आणलेली माणसं मनातून येत नाहीत. आधी एक ओळखीची बैठक घ्या, नेमकं काय करणार ते सांगा, आणि ज्याला यायचंय त्याने कारागृहातल्या शिक्षकांकडे म्हणजे गुरुजींकडे आपण होऊन नाव द्यावं असं ठरवा. न आल्यास कुठेही नोंद होणार नाही आणि आल्याने शिक्षेत माफी किंवा रजा लवकर मिळणार नाही, या दोन्ही गोष्टी अधिकाऱ्यांसमोरच मोठ्याने सांगून टाका.

आता आकड्यांकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ५,७३,२२० बंदी म्हणजे कैदी होते आणि त्यातले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले. याचा तुमच्या कामावर थेट परिणाम होतो. कच्चा कैदी आज येतो, पुढच्या आठवड्यात तारखेला जातो, त्याच्या पुढच्या आठवड्यात जामिनावर सुटतो किंवा दुसऱ्या कारागृहात हलवला जातो. दहा आठवड्यांची चढत्या क्रमाची मालिका कागदावर सुंदर दिसते, आत ती टिकत नाही. म्हणून प्रत्येक सत्र आपल्यापुरतं पूर्ण हवं. शिक्षा लागलेल्या बंद्यांचा गट मिळाला तर मात्र सलग काम करता येतं.

आजारांची माहिती कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून घ्या. क्षयरोग, गरोदरपण, रक्तदाब, गुडघे, अटकेच्या वेळची जुनी मोडतोड. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी अंग जड होतं, एकदम उठलं की चक्कर येते. अशा माणसाला 'आळशीपणा करू नको' म्हणणं म्हणजे कहर झाला. महिला विभागात सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ राहू शकतात. सत्राच्या वेळी ती मुलं कोण सांभाळणार हे आधी ठरलं नाही तर नेमक्या ज्या बायकांना याची सगळ्यात गरज असते त्याच येऊ शकत नाहीत. मुलं आत आली तरी बिघडत नाही. फक्त मग ते सत्र वेगळं होतं, हे मान्य करा.

शरीर काय सांगतंय ते ओळखा

आघाताच्या क्षणी शरीर लढतं, पळतं किंवा थिजून जातं. प्रसंग संपला तरी शरीराला तो संपल्याचं कळलेलं नसतं. एकजण सतत दाराकडे बघत राहील. दुसऱ्याचे खांदे कानापर्यंत चढलेले असतील. तिसरी सगळं अचूक करेल, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच नसेल, जणू ती तिथे नाहीच. ही तिसरी सगळ्यांत 'चांगली विद्यार्थिनी' वाटते आणि नवखा शिक्षक इथेच फसतो. थिजलेलं शरीर फार आज्ञाधारक असतं.

तुरुंगाचे आवाज लक्षात ठेवा : किल्ल्यांचा जुडगा, लोखंडी दरवाजा, शिट्टी. तुमच्या सत्रात शिट्टी नको, जोरात टाळी वाजवून 'चला!' नको. कुणाच्या पाठीमागून चालत जाऊ नका.

आपल्याकडे योगवर्गामुळे रुळलेल्या काही सूचना इथे उलट्या पडतात. 'डोळे मिटा' ही त्यातली पहिली. ज्या माणसावर अंधारात हल्ला झालाय त्याला डोळे मिटायला सांगणं म्हणजे त्याची राखण काढून घेणं. 'पाठीवर झोपा' हेही पहिल्या काही सत्रांत नको. 'खोल श्वास घ्या' निरुपद्रवी वाटतं, पण छातीत कोंडलेलं काही असेल तर त्यानेच धाप लागते. श्वास चालण्यातून, हलण्यातून आपोआप बदलू द्या. आणि स्पर्श, अगदी खांद्यावर शाबासकीसुद्धा, नाही. आत स्पर्श म्हणजे झडती, नाहीतर मार. अंग दुरुस्त करायला विद्यार्थ्याचा हात धरायची आपल्या गुरुकुलातली सवय दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवा.

बोलण्याची तऱ्हा बदलावी लागते. 'हात वर करा' याऐवजी 'हात वर नेऊन बघायचा असेल तर बघा, इथपर्यंत, किंवा फक्त बोटं'. 'का नाही करत?' याऐवजी काहीच नाही. पहिल्यांदा हे लांबण लावल्यासारखं वाटतं. तिसऱ्या सत्रापर्यंत जीभ वळते.

पहिलं सत्र, जवळून

सतरंजी अंथरा, पण सगळ्यांना दार दिसेल अशा बेताने. जागा ज्याने त्याने निवडायची. पहारेकऱ्याला आधीच भेटून विनंती करून ठेवा की दाराशी उभं राहावं, मधून फिरू नये, हसू नये. बहुतेकजण ऐकतात. न ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी सत्रातच घ्या. पहारेकऱ्यांची पाठही बारा-बारा तासांनी दुखतच असते. महिला विभागात महिला कर्मचारीच असतात, आणि पुरुष शिक्षकाला तिथे प्रवेश मिळेल असं गृहीत धरू नका.

सुरुवातीला चार गोष्टी सांगा. कुणीही नुसतं बसून बघू शकतं. कुणी कुणाला हात लावणार नाही. इथे कुणाला केस विचारली जाणार नाही आणि कुणी सांगायचीही गरज नाही. जे बोललं जाईल ते आपल्यात राहील, फक्त कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचं बोललं तर ते डॉक्टरांना सांगावं लागेल. ही चौथी गोष्ट आधी सांगितली नाही आणि नंतर तसं केलं तर विश्वास कायमचा गेला.

मग बसल्या जागी तळहात घासा, घोट्यांना गोल फिरवा. पाच मिनिटं. उभं राहिल्यावर पायांकडे लक्ष : टाच, चवडा, वजन इकडून तिकडे. जमीन पायाखाली आहे एवढंच जाणवू द्यायचंय.

यानंतर चालणं. बंदी तशाही आवारात फेऱ्या मारतच असतात, म्हणून हे कुणाला नाचासारखं वाटत नाही आणि कुणी लाजत नाही. ज्याला हवं तसं, हव्या वेगाने चालायचं. मग एक खेळ घाला : कुणीही, केव्हाही, मनात येईल तेव्हा थांबायचं, एकजण थांबला की सगळ्यांनी थांबायचं, त्याने पाऊल उचललं की सगळे चालू लागणार. पहिल्या फेरीला सगळे तुमच्याकडेच बघत राहतील, तुम्ही थांबवाल म्हणून. तुम्ही थांबवू नका. मिनिटभर नुसतं चालणं होईल. मग कुणीतरी एकजण चुकून थांबल्यासारखा थांबतो, आणि तेरा-चौदा माणसं त्याच्यासाठी जागच्या जागी उभी राहतात. त्या माणसाचा चेहरा बघा. कित्येक महिन्यांत त्याच्या सांगण्यावरून काहीही झालेलं नसतं. पुढच्या फेरीला थांबणाऱ्यांची रीघ लागते, मुद्दाम थांबवून हसणारे निघतात, आणि वातावरण सैल होतं. हा खेळ पुढच्या प्रत्येक सत्रात ठेवा.

त्यानंतर भिंत. दोन्ही तळवे भिंतीला, पाय मागे रोवून, आपल्या मनाने ताकद लावून ढकलायचं, मग हळूहळू सोडायचं. राग बाहेर पडायला अशी निरुपद्रवी वाट तुरुंगात दुसरी नाही. 'भिंत हलवायची का मॅडम?' असा विनोद हमखास होतो. होऊ द्या. ढकलून झाल्यावर दंड हलके वाटतात, पाय जमिनीत घट्ट वाटतात, आणि थिजलेल्या माणसाला शुद्धीवर आणायलाही हाच प्रकार पुढे कामी येतो.

शेवटी वर्तुळात नाव आणि एक हालचाल. एकाने नाव सांगून जे सुचेल ते करायचं, खांदा उडवणं, टाळी, गिरकी, काहीही. बाकीच्यांनी तेच परत करायचं. नाव नको असेल तर नुसती हालचाल. आत बऱ्याच जणांना नावापेक्षा क्रमांकाने किंवा कलमाने ओळखतात, त्यामुळे आपली हालचाल बारा जणांनी जशीच्या तशी उचललेली बघणं साधं नसतं.

शेवटची दहा मिनिटं काही झालं तरी निवण्यासाठी राखा. वेग कमी, चालणं हळू, मग बसणं, खोलीत डोळे फिरवून काय काय दिसतंय ते बघणं, पाणी. तुम्ही घरी जाता. ती माणसं शंभर माणसांच्या बरॅकीत परत जातात, जिथे रडवेला चेहरा म्हणजे दुबळेपणा. कुणालाही उघडं पाडून परत पाठवायचं नाही. वेळ कमी पडला तर मधला भाग कापा, शेवट नाही.

पुरुषांचे गट, बायकांचे गट

पुरुष बंद्यांच्या गटात 'हे बायकी आहे' ही भिंत आधी येते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी सुधारगृहात, म्हणजे तिथल्या तुरुंगात, २००७ साली नृत्यांगना अलोकानंदा रॉय यांच्यासमोरही ती आली. महिला दिनाच्या कार्यक्रमाला त्या पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. तुरुंग खात्याचे तेव्हाचे महानिरीक्षक बी. डी. शर्मा यांच्या आग्रहावरून तिथे शिकवू लागल्या. पुरुषांना थेट नाचायला लावण्याऐवजी त्यांनी सुरुवात कलरीपयट्टूसारख्या युद्धकलेने केली. आपल्याकडे याला पर्याय भरपूर. दंडबैठका, कुस्तीचे पवित्रे, आणि लेझीम. हातात लेझीम नसली तरी चालतं. त्या चाली, ते वाकणं आणि झोकात उठणं शाळेत जवळजवळ प्रत्येकाने केलेलं असतं आणि शरीराला ते आठवतं. वारकऱ्यांची पावली, म्हणजे टाळाच्या तालावर टाकायची पावलं, हीही अशीच : कारागृहांत भजनी मंडळं असतात, तिथे टाळ आधीपासून असतो, पावली शिकवावी लागत नाही. गटात वेगवेगळ्या धर्मांची माणसं असतात हे मात्र विसरू नका. पावली हा अनेकांतला एक प्रकार म्हणून आणा. कव्वालीच्या टाळीलाही तेवढीच जागा ठेवा.

बायकांच्या गटात झिम्मा, पिंगा, फुगडी निघतेच, बऱ्याचदा त्यांच्याकडूनच. इथे दोन सावधगिऱ्या. फुगडीत हात धरावे लागतात, आणि वेग वाढला की सुटता येत नाही. हात न धरता, समोरासमोर गिरकी घेऊन सुरुवात करा. हात धरायचे की नाही ते त्या दोघींनी ठरवू द्या. दुसरी गोष्ट गाण्यांची. माहेराच्या, लेकराच्या ओळी आल्या की बाहेर राहिलेल्या मुलांची आठवण एका क्षणात सगळा गट रडवते. रडण्यात गैर काही नाही, पण पहिल्या सत्रातच ते झेपणारं नसतं. आधी नुसता ताल, शब्द नंतर.

आणखी एक, जे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात नाचाला इभ्रतीची बाजू फार जोरात चिकटलेली आहे. २००५ मध्ये राज्याने डान्सबारवर बंदी घातली, न्यायालयात ती टिकली नाही, पण त्या वादात नाचणाऱ्या बाईविषयी जे जे बोललं गेलं ते सगळ्यांनी ऐकलंय. तुमच्या गटात नाचून पोट भरलेली एखादी असू शकते, आणि तिच्या शेजारी 'आमच्या घरात असलं चालत नाही' म्हणणारीही. पहिलीला 'तू करून दाखव' म्हणून पुढे करू नका. तिच्यासाठी नाच म्हणजे समोरच्याच्या नजरेसाठी केलेलं काम होतं. इथे कुणीही बघत नसताना हलून बघणं हे तिला सगळ्यांत नवं असू शकतं. तृतीयपंथी बंदी असतील तर कोणत्या गटात बरं वाटेल ते त्यांनाच विचारा, आणि प्रशासनाशी मग बोला.

काहीतरी घडलं तर

कुणी रडलं : जवळ जाऊन मिठी मारू नका, सगळ्यांना थांबवून त्याच्याकडे वळवूही नका. बाकीच्यांचं चालणं चालू ठेवा, जोडीदाराने थोड्या अंतरावर बसावं. 'पाणी हवंय का, बसायचं का, भिंतीशी जायचं का?' असे हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न.

कुणी थिजलं, नजर शून्यात गेली : नाव घेऊन शांत आवाजात आज कुठला वार आहे, खोलीत निळं काय काय दिसतंय, असं विचारा, तळवे भिंतीला टेकवून बघायला सुचवा. काय आठवलं हे विचारू नका. आठवण उकरून काढणं हे तुमचं काम नाही आणि चाळीस मिनिटांत ती परत झाकताही येत नाही.

भांडण झालं तर मात्र तुम्ही मध्ये पडायचं नाही. बाजूला व्हा, कर्मचाऱ्यांना येऊ द्या. मरणाची भाषा कानावर आली तर त्याच दिवशी, निघण्यापूर्वी, वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटून सांगा. चिठ्ठी ठेवून येऊ नका.

आणि चिठ्ठीवरून आठवलं : घरच्यांना निरोप, फोन नंबर, बिडी, बिस्किटाचा पुडा, यातलं काहीही आत-बाहेर करायचं नाही. विनवण्या होतील आणि पोटात कालवेल. पण एका निरोपापायी सगळ्या गटाचं सत्र बंद पडतं. घरच्यांशी संपर्काचा प्रश्न असेल तर सोबतच्या समाजकार्यकर्त्याला सांगा, त्यांच्याकडे त्याचा कायदेशीर रस्ता असतो.

कार्यक्रम करायचा का?

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ही मागणी येणारच : 'सव्वीस जानेवारीला काहीतरी बसवा ना.' इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. फिलिपिन्समधल्या सेबू प्रांताच्या तुरुंगात बायरन गार्सिया या अधिकाऱ्याने नारिंगी गणवेशातल्या सुमारे दीड हजार कैद्यांकडून एका प्रसिद्ध पॉप गाण्यावर नाच बसवून घेतला; २००७ च्या जुलैत त्याची चित्रफीत जगभर गाजली आणि पुढे पर्यटक तो नाच बघायला तुरुंगात येऊ लागले. तुरुंगातली मारामारी कमी झाली असं सांगितलं गेलं. पण नको म्हणणाऱ्याचं काय होत होतं, हा प्रश्न टीकाकारांनी तेव्हाही विचारला आणि तो रास्त होता. माझ्या मते ती कवायत होती, नाचाचे कपडे घातलेली.

कोलकात्यात त्याच वर्षी सुरू झालेल्या कामातून रवींद्रनाथ ठाकुरांची 'वाल्मीकि प्रतिभा' ही संगीतनाटिका उभी राहिली आणि बंद्यांनी ती तुरुंगाबाहेरच्या रंगमंचांवरही केली. वाल्याचा वाल्मीकी झाला ही गोष्ट आपल्यालाही पाठ आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे प्रत्येक तुरुंगातल्या कार्यक्रमात तीच सुचवली जाते. जरा थांबा. ज्याचा खटला अजून उभाही राहिलेला नाही त्याला वाल्याच्या भूमिकेत उभं करून पश्चात्ताप करायला लावणं हा अन्याय आहे. विषय गटाने निवडावा. मंचावर कोण येणार, कोण पडद्यामागे ताल धरणार, कोण येणारच नाही, तेही. फोटो आणि नाव छापण्याची परवानगी प्रत्येकाकडून वेगळी घ्या. बाहेर कुणाची तरी लहान बहीण शाळेत जात असते. आणि हे सगळं निदान दोन-तीन महिने नियमित सत्रं झाल्यावर. त्याआधी मागणी आली तर भजनी मंडळाचं नाव सुचवा, ते खुशीने तयार असतात.

सत्रं बंद पडतात तेव्हा

बंदोबस्त, निवडणुका, साथ, बड्या अधिकाऱ्याची भेट, कुठल्याही कारणाने सत्र रद्द होतं, आणि ते दारावर पोहोचल्यावर कळतं. चिडू नका. आत वाट बघणाऱ्यांपर्यंत 'पुढच्या वेळी येतोय' हा निरोप गुरुजींमार्फत अधिकृतपणे पोहोचवा.

कॅलिफोर्नियातल्या नॉर्को इथल्या तुरुंगात सूची ब्रॅन्फमन या नृत्यदिग्दर्शिकेचा वर्ग कोविडमुळे २०२० मध्ये बंद पडला. तेव्हा आतल्या माणसांनी आपापल्या खाटेवर बसून नाच कागदावर लिहिले, कुठला हात कुठे, नजर कुठे, आणि बाहेरच्या नर्तकांनी ते नाचून दाखवले. आपल्याकडे लिहितावाचता न येणारे बरेच असतात, पण जमिनीवर बोटाने काढलेली पावलं किंवा एकमेकांना तोंडी सांगितलेला क्रम चालतो. पहिल्या महिन्यातच प्रत्येकाला एक तीन मिनिटांचा तुकडा बांधून द्या, किंवा बांधू द्या, जो अंथरुणाएवढ्या जागेत, आवाज न करता, बंद बरॅकीत रात्री करता येईल. तळवे घासणं, टाचा दाबणं, खांदे सोडणं आणि स्वतःची ती वर्तुळातली हालचाल, एवढंच. झोप न येणारी माणसं याचा सर्वांत जास्त वापर करतात.

अमेरिकेत ल्यूसी वॉलेस यांची 'डान्स टु बी फ्री' ही संस्था महिला तुरुंगांत काम करताना तिथल्याच बायकांना शिक्षिका म्हणून तयार करते. लांब शिक्षेच्या गटात सहा महिन्यांनी हे करून बघण्यासारखं आहे. एक अट घाला : शिक्षिका झालेल्या बाईला बाकीच्यांवर कसलाही अधिकार मिळता कामा नये. बरॅकीत आधीच पुरेशा भाई आणि ताई असतात.

नोंदी आणि निरोप

प्रत्येक सत्रानंतर, गाडीत बसल्या बसल्या, जोडीदाराशी पंधरा मिनिटं बोला आणि नोंद लिहा. नावं नको, खुणेची अक्षरं पुरेत; केसचा तपशील कानावर पडला असला तरी लिहू नका, ती वही कुणाच्याही हाती लागू शकते. रात्री तुम्हालाच झोप लागेनाशी झाली, घरच्यांवर चिडचिड होऊ लागली, तर महिनाभर थांबा आणि एखाद्या अनुभवी उपचारकाशी बोला. हे काम एकट्याने रेटायचं नसतं.

मालिका संपायची तारीख पहिल्याच दिवशी सांगा, आणि मग शेवटच्या तीन सत्रांत पुन्हा पुन्हा. आतल्या बहुतेक माणसांना कुणीतरी न सांगता सोडून गेलेलं असतं. 'परत येईन' हे परवानगीचं पत्र हातात असेल तरच म्हणा. अधीक्षकांना द्यायचा अहवाल दोन पानांत बसवा : किती सत्रं ठरली, किती झाली, रद्द का झाली, सरासरी किती जण आले, बंद्यांनी स्वतः काय सांगितलं, आणि पुढच्या वेळी कोणती खोली, कोणता वार मिळाला तर बरं. त्याची एक प्रत गुरुजींना द्या. पुढचा वर्ग लावताना तीच उपयोगी पडते.